जाता जाता एवढं दे

आमच्या शाळेला मैदान आहे, पण ते उतारावर. चेंडू एकदा सुटला की ओढ्यातच जाऊन थांबतो, आणि त्याच्यामागे गेलेला खेळाडू गणिताचा तास बुडवूनच वर येतो. शेवटी खेळाचा तास ज्यांच्या गळ्यात मारला होता, त्या भूगोलाच्या सरांनी तोडगा काढला. त्यांनी गावाचा नकाशा फळ्याला लावला, त्यावरून एक बोट गोल फिरवलं आणि म्हणाले, "हे आपलं मैदान. पळा."

तेव्हापासून रोज सकाळी शाळेतली मुलं-मुली गावाला वेढा घालतात. शाळेच्या फाटकातून निघायचं. पिठाच्या गिरणीपुढून, सुईणआजीच्या ओट्यापुढून, कोंबडीवालीच्या खुराड्यांपुढून जायचं. पुलाला वळसा घालायचा आणि बाजारचौकात येऊन श्वास सोडायचा. चौकातून बांधावरून आलं की शाळा अगदी जवळ, पण बांधावरून पळायचं नाही, असा सरांचा दंडक.

पुढे जे झालं त्याची सुरुवात गिरणीवालीने केली. एका सकाळी ती हातात चाळण घेऊन दारात उभी होती आणि समोरून माझी पुतणी पळत येत होती.

"बाळ, चौकातूनच जाणार ना? मग जाता जाता एवढी माझ्या बहिणीकडे दे."

पुतणीने चाळण घेतली आणि दिली. झालं. पाणी एकदा पाटाला लागलं की मग ते अडवणार कोण? आठवडा उलटायच्या आत सुईणआजी मालिशच्या तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसायला लागली. कुणाची किल्ली, कुणाचा विसरलेला चष्मा, कुणाची धार लावायची कात्री, कुणाच्या तान्ह्याचं टोपडं. कोंबडीवाली तर जिवंत कोंबडीच पाठवायची, पाय बांधून. सगळ्यांच्या वाक्याची सुरुवात तीच, "जाता जाता." बाकीची मुलं तोंड चुकवून दुसऱ्या बाजूने पळायची. पुतणी मात्र हात पुढे करूनच पळायची.

गावाने तिचं नाव टपाल ठेवलं. खऱ्या पोस्टमनला ते झोंबलं.

"मला सायकल आहे, पिशवी आहे, टोपी आहे," तो चौकात म्हणाला, "आणि लोक माझ्या तोंडावर दार लावून हिची वाट बघतात."

"काका, तुम्ही पत्र देऊन निघून जाता," पुतणी म्हणाली. "मी उत्तर घेऊन येते."

तिची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, दूध केंद्रावर पहाटेपासून असते. त्यामुळे सकाळची ही पोर माझ्या वाट्याला. घामेजून घरी आली की आधी पाणी पिणार नाही; कुणाकडे काय पोचलं आणि तिथे कोण काय म्हणालं, हे सगळं आधी मला सांगणार. मी ऐकून घेते. ऐकण्याविरुद्ध माझा काही नेम नाही.

गावात एकच माणूस असा होता ज्याने तिच्या हातात कधी काही दिलं नाही. तो म्हणजे तिचा बाप, माझे थोरले दीर. चौकात त्यांचं शिंप्याचं दुकान. शिवलेले कपडे ते स्वतः घरोघर पोचवतात, काखेत पुडकं धरून, रमतगमत.

"भाऊजी, ती जातेच आहे त्या बाजूला," मी एकदा म्हटलं.

"माझं काम माझ्या पायाने जातं," ते म्हणाले. "पळत नेलं की इस्त्री मोडते."

इस्त्रीचं नुसतं निमित्त. तिचं पळणंच त्यांच्या मनातून उतरलेलं होतं. त्यांचे डोळे अलीकडे दगा द्यायला लागले होते. मशीन चालायची, पण हाताची बारीक कामं, काजं-बटणं, तुरपाई, अडून राहायची. सुईत दोरा ओवायचा तर दुकानासमोरून जाणाऱ्या माणसाला हाक मारावी लागायची. मुलगी शाळेनंतर दुकानात बसली तर धंदा तरेल, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक तरी काय म्हणावी. पण ती शाळेनंतरही पळायची.

या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड-शर्यत आमच्या शाळेकडे आली. पहिल्या तीन मुली संघात जाणार, त्यांना वर्षभर सराव आणि पुढच्या शर्यती. ही बातमी पुतणीने घरी आणली त्या संध्याकाळी भाऊजींनी ताटावरून मान वर न करता निकाल दिला.

"निवड झाली तर पळ. मी आडवा येणार नाही. नाही झाली, तर दुसऱ्या दिवसापासून काजं करायला बसायचं. सकाळचंही पळणं बंद."

"सकाळचंही?" तिने विचारलं.

"सकाळी डोळ्याला उजेड चांगला असतो."

 रात्री आवरताना ती एवढंच म्हणाली, "काकू, मग सुईणआजीचं तेल कोण नेणार?"

सरांनी शर्यतीची नियमपुस्तिका वाचली आणि त्यांना घाम फुटला. वाटेत बाहेरच्या कुणाकडूनही मदत घेतल्यास धावपटू बाद, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सरांच्या डोळ्यांपुढे आमचं गाव उभं राहिलं, प्रत्येक दारात एक हात आणि प्रत्येक हातात एक वस्तू. त्यांनी लगेच पुतणीला मोकळ्या हाताने पळवून पाहायचं ठरवलं. वाटेवरच्या लोकांना घरात बसायला सांगितलं आणि मला सोबत घेऊन स्वतः चौकात उभे राहिले.

ती आली, पण कशी. बाजारातून भाजी न मिळता परत यावं तशी. तिच्या मागून निघालेल्या दोघी तिच्या आधी पोचल्या.

"काय झालं तुला?" सरांनी विचारलं. "पाय दुखतोय?"

"नाही सर."

"मग?"

"हातात काही नाही ना. कुणी वाट बघत नाही. मग घाई कशाची, तेच कळत नाही."

सर खाली बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच काहीतरी सांगा हिला."

"सांगेन," मी म्हटलं. काय सांगायचं ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सर दारोदार फिरले. हात जोडून प्रत्येकाला सांगितलं, "उद्या आपल्या मुलींच्या हातात काही द्यायचं नाही. चाळण नाही, बाटली नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. नाहीतर पोर बाद होईल."

सुईणआजीने त्यांना थांबवून खात्री करून घेतली. "आपल्या मुलींच्या?"

"हो आजी, आपल्या मुलींच्या."

"बरं."

सर निश्चिंत झाले. आजीही.

शर्यतीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. बाहेरच्या शाळांच्या मुली गाड्यांतून उतरत होत्या. त्यांत एक उंच मुलगी होती, तिचे पाय तिच्या खांद्यापासूनच सुरू होत असावेत. मागच्या वर्षी तीच पहिली आली होती म्हणे. पंचसाहेब मोटारसायकलवर आले होते. हातात नियमपुस्तिका, चेहरा इस्त्री केलेला. मी मुलींच्या पाठीवर आकड्यांची कापडं टाचत होते. भाऊजी अर्थातच आले नव्हते. शर्यत संपणार होती ती चौकात, त्यांच्या दुकानासमोर, पण ते रस्त्याकडे पाठ करून मशीनवर बसणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मुख्याध्यापक नव्या पँटमध्ये आले होते. ही पँट समारंभासाठी भाऊजींकडूनच शिवून घेतलेली. देहाने भरदार माणूस, त्यामुळे पँटमध्येही कापड भरपूर. सुरुवातीची चुन्याची रेघ सरळ आहे की नाही हे बघायला ते वाकले, आणि मला मागच्या शिवणीवर पांढरा दोरा दिसला. लांब लांब टाक्यांचा, सैल.

शिंप्याच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तो दोरा ओळखायला चष्मा लागत नाही. कपडा अंगाला बसतो की नाही हे पाहण्यापुरता तो घालतात. नंतर पक्की शिवण मारायची आणि तो काढून टाकायचा. भाऊजींनी पक्की शिवण मारलीच नव्हती. मुलीच्या शर्यतीशी आपला काही संबंध नाही म्हणणारा माणूस इतका गडबडला होता की त्याने कच्ची पँट घडी घालून पोचती केली होती. स्वतःच्या पायाने, इस्त्री न मोडता.

आणि मुख्याध्यापक बक्षिसं द्यायला वाकणार होते. चौकात कप ठेवले होते ते एका बुटक्या बाकावर.

आता दिवसभरात खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं उणं काढायचं नाही, असे दोन नेम मी रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर घेते. मुख्याध्यापकांच्या मागच्या बाजूविषयी चारचौघांत बोलणं हे दुसऱ्या नेमात बसलं नसतं. त्यांना बाजूला घेऊन सांगावं, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. पण घरच्या माणसाला निरोप धाडणं म्हणजे उणं काढणं नव्हे. मी पुतणीच्या पाठीवरचं कापड टाचायला म्हणून तिला जवळ ओढलं.

"एक निरोप आहे. बाबांना द्यायचा."

तिचे कान उभे राहिलेले मला मागूनही दिसले. "कसला?"

मी कानात सांगितलं.

"कच्चा दोरा?" ती म्हणाली. "मागे?"

"हळू बोल."

"आणि ते बक्षीस द्यायला वाकणार."

"कप खालच्या बाकावर आहेत."

"काकू, बाबांची अब्रू जाईल."

"आधी मुख्याध्यापकांची जाईल. मग बाबांची. म्हणून म्हणते, सुई-दोरा घेऊन बाबांनी समारंभाच्या आधी यायला हवं."

ती दोन्ही पायांवर नाचायला लागली. मग थबकली. "पण हे चालतं का? नियमात?"

"वाटेत काही घ्यायचं नाही. तू वाटेला लागलीस का अजून?"

"नाही."

"मग?"

"आणि तू बांधावरून जाणारच आहेस की. तूच का नाही सांगत?"

"माझी चाल तुला माहीत आहे," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही हळू चालले, हे ओघानेच झालं.

शिट्टी वाजली. पुतणी अशी सुटली की तिच्या शेजारची मुलगी दचकून मागे सरली.

पुढचं मी पाहिलं नाही. पण नंतर ज्याने त्याने आपापल्या दारातलं इतकं सविस्तर सांगितलं, की पाहिल्यापेक्षा जास्तच कळलं.

सकाळपासून वस्तू तुंबून राहिल्या होत्या. चाळण होती, तेल होतं, टोपडं होतं. आणि हातांना तर सवय. आमच्या मुली येताना दिसल्या की लोक हात पाठीमागे बांधत. गिरणीवाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणाली, पोर दिसली तर हात राहायचा नाही. पुतणीला वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोठा गुन्हा घडलाय. पण तिला विचारायला वेळ नव्हता. तिच्या पोटात निरोप उकळत होता.

मग बाहेरच्या शाळेची एक मुलगी आली. गिरणीवालीने वळून तिच्या पाठीवरचं कापड पाहिलं. ही आपली नव्हे.

"बाळ, जाता जाता एवढी चाळण चौकात दे गं. तिथे माझी बहीण आहे, चहाच्या दुकानाशेजारी."

मुलगी संस्कारी. थांबली, घेतली, "हो मावशी" म्हणाली आणि पळाली. हात मोकळे राहावेत म्हणून तिने चाळण डोक्यावर घातली.

सुईणआजीने एकीला तेल दिलं, एकीला टोपडं दिलं, आणि टोपडंवालीला वर बाळाची तब्येतही सांगितली. उंच मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिला कोंबडीवालीने गाठलं. ती गोंधळून म्हणाली, "मला शर्यत आहे."

"मग बरंच की," कोंबडीवाली म्हणाली. "लवकर पोचेल." आणि कोंबडी तिच्या काखेत दिली.

सगळ्यांच्या मागून पंचसाहेब मोटारसायकलवर नजर ठेवत येत होते. समोर एकीच्या डोक्यावर चाळण बघून त्यांनी वेग कमी केला, आणि तिथेच त्यांचं चुकलं. सुईणआजीने हँडल धरलं. तिच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं, वेळी-अवेळी ठोके देणारं.

"हे चौकातल्या घड्याळवाल्याकडे दे बाबा, जाता जाता."

"आजी, मी पंच आहे."

"असशील. गाडी आहे ना? मग पायी पळणाऱ्या लेकरांवर कशाला ओझं टाकू?"

साहेब नियमपुस्तिका चाळायला लागले. मागून आजीच्या सुनेनेही दारातून सांगितलं, की घेऊन टाका साहेब, नाहीतर ती हँडल सोडणार नाही. साहेबांनी घड्याळ काखेत घेतलं.

मी बांधावरून चौकात पोचले तेव्हा तिथे माणसांची दाटी झाली होती. दोन खांबांच्या मध्ये लाल फीत बांधली होती. मुख्याध्यापक भाषणाचा कागद चाळत बाकाजवळ उभे होते. त्यांनी एकदा कप सरळ करायला वाकायचा विचार केलेला दिसला. पण कप सरळच होते. दुकानात भाऊजी रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मशीन चालू होती, मात्र तिच्यात कापड नव्हतं.

पुलाकडून आरडाओरडा ऐकू आला. पहिली उंच मुलगी आली. तिच्या काखेतली कोंबडी मोठ्या ऐटीत इकडेतिकडे बघत होती, जणू शर्यत तिनेच लावली होती. मुलीने फीत तोडली आणि "चहाच्या दुकानात कुणाला द्यायचीय?" असं धापा टाकत विचारलं. तिच्यामागे चाळणवाली दुसरी आली. मग वळणावर दोघी एकदम दिसल्या. एक आमची, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बाहेरची एक, मोकळ्या हातांची, जिला वाटेत कुणी गाठलं नव्हतं.

मला माहीत होतं, पुतणीला तिसरा नंबर दिसत नव्हता. तिला मुख्याध्यापक दिसत होते, बाकाजवळ. आणि त्याच क्षणी मुख्याध्यापकांच्या हातातला भाषणाचा कागद निसटून खाली पडला.

ते वाकायला लागले.

पुतणीने जी उसळी मारली, तशी तिने त्याआधी कधी मारली नव्हती, तेलाची बाटली घेऊनही नाही. ती शेजारणीच्या पुढे गेली, रेघ ओलांडली, खाली लोंबत असलेली फीत गळ्यात अडकवून तशीच पुढे आली, मुख्याध्यापकांच्या पायाशी पडलेला कागद उचलला, त्यांच्या हातात दिला आणि न थांबता दुकानात शिरली.

मशीन थांबली.

"पडलीस का?" भाऊजींचा आवाज.

"नाही. निरोप आहे."

मग कुजबुज. मग भाऊजींचा मोठा उसासा. आणि मग स्टूल पडल्याचा आवाज.

ते बाहेर आले ते एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात रीळ घेऊन. दोरा सुईच्या भोकाच्या आजूबाजूला सगळीकडे जात होता, फक्त आत जात नव्हता. पुतणीने दोन्ही त्यांच्या हातातून घेतलं. छाती भात्यासारखी हलत होती, तरी पहिल्या खेपेत ओवलं.

भाऊजी मुख्याध्यापकांच्या मागे जाऊन उभे राहिले. "साहेब, जरा त्या फलकामागे चला."

"आता? माझं भाषण आहे."

"भाषण उभ्याने होईल. पुढचं होणार नाही."

मुख्याध्यापकांनी हळूच मागे हात नेऊन पाहिला. त्यांचा चेहरा पडला, आणि ते पाठ कुणालाही न दाखवता, खेकड्यासारखे तिरपे चालत शाळेच्या नावाच्या फलकामागे गेले. भाऊजी त्यांच्यामागे.

इकडे चौकात वेगळाच गोंधळ उडाला होता. भूगोलाच्या सरांनी कोंबडी पाहिली होती. चाळण पाहिली होती. मागून येणारं टोपडं आणि तेलही पाहिलं. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"वाटेत वस्तू घेतल्या," ते पुटपुटले. "या सगळ्या बाद." मग मोठ्याने, "म्हणजे आपली पहिली!"

गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. उंच मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटलं इथे असंच असतं," ती म्हणाली. "आजीसारख्या बाईने हातात दिलं. नाही कसं म्हणणार?"

तिच्या शाळेच्या बाई पुढे झाल्या. "हा या गावाचा कट आहे. आमच्याच मुलींना सामान दिलं. तुमच्या एकीच्याही हातात काही नाही."

"सरांनीच सांगितलं होतं," गिरणीवाली म्हणाली. "आपल्या मुलींना काही देऊ नका म्हणून."

"मी तसं," सर म्हणाले, आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

गर्दीतून वाट काढत पंचसाहेब आले. "नियम स्पष्ट आहे," त्यांनी पुस्तिका उघडत सांगितलं. "ज्या मुलींनी वाटेत काही घेतलं असेल..."

"साहेब," मध्येच पुतणी म्हणाली. फीत अजून तिच्या गळ्यात होती. सर तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते. बाहेरच्या मुली बाद झाल्या असत्या तर कप तिचा होता. "नियमात काय लिहिलंय? वाचून दाखवा ना."

"बाहेरच्या कुणाकडून मदत घेऊ नये."

"कोंबडी ही मदत आहे का?"

साहेबांनी पुस्तिकेचं पान उलटलं.

"मी रोज नेते," ती म्हणाली. "तिने पळणं सोपं होत नाही. ती बोचते. पुलाजवळ तर हमखास फडफडते. तुम्ही एकदा काखेत घेऊन पळून बघा. ही ताई ती घेऊन माझ्या पुढे आली. मी मोकळ्या हाताने आले तरी तिसरी."

उंच मुलीने कोंबडी थोडी वर धरली, पुरावा म्हणून.

साहेब काहीतरी बोलणार इतक्यात त्यांच्या काखेतून ठोके पडायला लागले. एक, दोन, तीन. चौकातली सगळी माणसं त्यांच्या काखेकडे बघायला लागली. घड्याळ थांबायचं नाव घेईना. साहेबांनी ते पोटाशी दाबून पाहिलं, तेव्हा ते जास्तच जोरात वाजलं.

"साहेब, हे घड्याळवाल्याकडे द्यायचंय ना?" मी हळूच विचारलं. "ते समोरचंच दुकान."

मी एवढंच बोलले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

साहेबांनी नियमपुस्तिका मिटली. बाहेरच्या बाईंकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मदत म्हणजे ज्याने धावपटूचा फायदा होतो ते," ते म्हणाले. "सदर वस्तूंनी कुणाचाही फायदा झालेला दिसत नाही. निकाल आहे तसाच राहील. पहिली ही, दुसरी चाळण, म्हणजे ही, आणि तिसरी ती."

फलकामागून भाऊजींचा आवाज आला. तोंडात सुई धरलेल्या माणसाचा असतो तसा.

"तिसरी म्हणजे निवडीत आली का?"

"आली," अख्खा चौक एका सुरात म्हणाला.

फलकाखालून रीळ घरंगळत बाहेर आलं. मग भाऊजी म्हणाले, "साहेब, हलू नका. माझ्या मुलीची निवड झालीय. टाका वाकडा जाईल."

बक्षीस समारंभ छान झाला. मुख्याध्यापक प्रत्येक कपासाठी अगदी मनसोक्त वाकले. पुतणीला कप देताना तर त्यांनी दोनदा वाकून दाखवलं.

आता शाळेनंतर पुतणी पळते, आणि काजं करायला दुकानात मी बसते. पहिलं काज भाऊजींनी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, हे काज आहे की खिडकी?"

"भाऊजी, बटण आरामात जाईल."

"बटण जाईल, मागोमाग शिंपीपण जाईल," ते म्हणाले. पण दुसरं कापड माझ्यापुढे सरकवलं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी मी प्रार्थना आटोपून बाहेर आले, तेव्हा पुतणी दारात बुटांच्या नाड्या बांधत होती. भाऊजी तिच्यामागे उभे होते. काखेत पुडकं होतं, मुख्याध्यापकांची पँट, आता पक्की शिवून, इस्त्री करून. ते एकदा रस्त्याकडे बघत, एकदा तिच्या पाठीकडे. घसा खाकरून झाला. चप्पल घालून झाली, काढून झाली.

ती निघाली. अंगणाच्या फाटकापर्यंत गेली.

"ए," भाऊजी म्हणाले.

ती वळली.

"शाळेवरूनच जाणार ना?" त्यांनी पुडकं पुढे केलं. "मग जाता जाता एवढं दे. आणि घडी मोडू नकोस."